बंदूक कोणी मिटली

“बंदूक मिटली कोणी?” बंदूक शिकवणाऱ्या उस्तादांनी विचारलं. प्रश्न अवघड नव्हता. कपातला शेवटचा घोट संपवता संपवता त्यांनी तो विचारला होता, कुणी सहज रस्ता विचारावा तसा. पण अडतीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी केला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मीही स्वतःला कधी केला नव्हता. मला सगळ्यांनी एकच विचारलं होतं, काडतूस कोणी घातलं? त्याचं उत्तर गाढ झोपेतून उठवलं असतं तरी मी दिलं असतं. मी घातलं. डाव्या नळीत, अंगठ्यानं ढकलून. बंदूक मिटायची असते, म्हणजे नळ्या दस्त्यावर बसवून खट्ट बंद करायची असते, मिटल्याशिवाय ती लाकूड आणि लोखंड असते, हे मला त्या दिवशी दुपारी कळलं, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर, पत्र्याच्या छपराखाली घामानं भिजलेल्या खाकी सदऱ्यात.

आई गेल्यावर दोन महिन्यांनी मी एका मोठ्या ऑफिसच्या फाटकावर सुरक्षारक्षक म्हणून लागले. काम काय, तर येणाऱ्या बायकांच्या पर्स उघडून बघायच्या आणि काही दिसलं नाही असा चेहरा करायचा. दीड वर्ष मी दुनियेच्या पर्स पाहिल्या. मग आमच्या सुरक्षा कंपनीला एका बँकेसाठी बंदूकधारी बाई हवी झाली, आणि साहेबांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून ‘हो’ निघून गेलं. का निघालं, कुणास ठाऊक. फाटकापासून घरापर्यंत चालत येताना मी चार वेळा परत फिरून ‘नाही’ सांगायला निघाले आणि चार वेळा परत वळले. बारा दिवसांचं शिक्षण होतं. अकरा पुरुष आणि मी. पहिल्या दिवशी एक जण म्हणाला, “मावशी, लाटणं नाही हो हे.” मी म्हटलं, “लाटणं असतं तर तू एवढ्या जवळ उभा राहिला असतास का?” सगळे हसले, उस्तादही मिशीत हसले, पण त्यांनी राखाडी घोंगडीवर बंदुकीचे तीन भाग ओळीनं मांडले आणि माझ्याकडे बोट केलं तेव्हा माझे हात पाठीमागे गेले ते पुढं येईनातच. दोन नळ्या शेजारी शेजारी जोडलेल्या, निळसर काळ्या. लाकडी दस्ता, त्याच्या मानेवर बाहेर आलेले दोन घोडे, खाली दोन चाप. आणि नळ्यांच्या पोटाखाली बसणारा वीतभर लांबीचा लाकडाचा तुकडा. जुन्या पद्धतीची होती. बाबांची अशीच होती. तेलाचा वास तोच, जराही बदललेला नाही. माणसं जातात, घरं बदलतात आणि तेलवाले मात्र वास तोच ठेवतात.

बाबा सुताच्या गोदामावर पहारेकरी होते. वर्षातून एक-दोनदा बंदूक स्वच्छ करायला घरी आणायचे, लांब लाकडी पेटीत, सुटी करून. “जोडलेली बंदूक घरात राहत नाही,” ते म्हणायचे. “घरात राहतात त्या तीन वस्तू.” पेटी जमिनीवर, काडतुसांचा डबा कपाटावर. वापरलेली रिकामी काडतुसं ते मला द्यायचे. लाल कागदाची नळी, खाली पितळेचं बूड. मी त्यात मणी भरून खुळखुळे करायचे. त्या दिवशी त्यांनी डबाही खाली काढला होता आणि तेल संपलं म्हणून “आलोच” म्हणून ते बाहेर गेले. मी नऊ वर्षांची. डब्यातलं एक काडतूस उचललं तर ते जड. माझ्या खुळखुळ्यांपेक्षा कितीतरी जड, आणि गप्प. हे नळीत बसतं का, एवढंच मला बघायचं होतं. बसलं. अगदी बेतानं बसलं, एखाद्या डबीचं झाकण बसावं तसं, आणि मला त्याचा आनंद झाला तोही मला आठवतो. मग शेजारच्या मैत्रिणीनं हाक मारली आणि मी पळाले. जिन्यावर तिसऱ्या की चौथ्या पायरीवर असताना तो आवाज झाला. आवाजापेक्षा त्यानंतर घरंगळत गेलेलं पातेलं मला जास्त आठवतं. ते बराच वेळ घरंगळत होतं. दादा एकोणीस वर्षांचा होता. त्यानं बंदूक जोडली होती, म्हणजे नुसती जोडून बघितली होती, आणि ‘आपोआप’ ती उडाली, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या आईच्या उजव्या गुडघ्यात छर्रे गेले.

ही गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली की तिला कोपरे उरले नाहीत. पोरीनं काडतूस घातलं, बंदूक उडाली, आईचा पाय गेला. तीन वाक्यं. चौकशीला आलेल्या माणसानं मला मांडीवर घेऊन विचारलं, “बाळ, तू घातलंस?” मी मान हलवली तेव्हा त्यानं माझ्या डोक्यावर हात फिरवला आणि वही बंद केली. गोदामवाल्यांनी बाबांच्या हातातली बंदूक काढून घेऊन त्यांना नुसतं दारावर उभं केलं. पाच वर्षांनी ते गेले आणि मी शाळा सोडली, कारण आईचा पाय वाकत नव्हता. खुर्चीत बसली की तो समोर ताठ असायचा, एखाद्या फळीसारखा, आणि घरात येणारा प्रत्येक जण त्याला वळसा घालून जायचा. मी तिला आंघोळ घातली, तेल लावलं, जिना चढवला, उतरवला. ती टोमणे मारणारी बाई नव्हती, उलट हसून बोलायची. तेच वाईट. छापखान्यात पुस्तकं बांधणारा एक माणूस होता, दोन वर्षं थांबला होता माझ्यासाठी. त्याच्या बोटांना नेहमी खळीचा वास यायचा. मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “जा की. मी कुठं अडवतेय? मी आहे आणि माझा पाय आहे.” मी गेले नाही. त्यानं पुढं लग्न केलं, मुलं झाली, एकदा रस्त्यात भेटला तेव्हा टक्कल पडलं होतं आणि आम्ही दोघं भाजीच्या भावावर बोललो. दादाच्या घरी मी गेले की माझ्या लहानग्या भाचीला सगळे शिकवायचे, आत्याच्या हातात काही देऊ नकोस हं, उडेल! मीसुद्धा हसायचे. किती वर्षं हसले मी त्याला.

तर बाराव्या दिवसाच्या आदल्या दुपारी उस्ताद म्हणाले, “बाई, तुमचा हात चांगला आहे. नळ्या उजेडाकडे धरून आत बघता, तोंड माणसाकडे जाऊ देत नाही, बोट चापाबाहेर ठेवता. या बाकीच्या सांडांना मी हे रोज ओरडून सांगतोय. पण एक विचारू? बंदूक मिटताना तुम्ही डोळे का मिटता?”

मला ते माहीत नव्हतं. मी डोळे मिटते हे मलाच माहीत नव्हतं. बाकीचे खाली चहाला गेले होते. मी त्यांना ती तीन वाक्यं सांगितली. उस्ताद ऐकत राहिले, घोट घेतला, आणि म्हणाले, “बंदूक मिटली कोणी?”

मग त्यांनी एक काम केलं. सुट्या नळ्या उचलल्या, डावीकडे एक नकली काडतूस सरकवलं, नळ्या माझ्यासमोर घोंगडीवर ठेवल्या आणि म्हणाले, “जोडा.” मी दस्ता काखेत धरला, अंगठ्यानं वरचा खटका बाजूला केला, नळ्यांच्या खालचा आकडा खिळ्यात अडकवायला गेले. नळ्यांची मागची दोन भोकं सरळ माझ्या तोंडासमोर आली. एक काळं, रिकामं. दुसऱ्यात पितळेचं गोल बूड, नाण्याएवढं, चकचकीत, मधोमध टिकलीएवढा ठिपका. ते माझ्याकडे बघत होतं. “दिसलं?” उस्ताद म्हणाले. “दिसलं.” “आता न बघता जोडून दाखवा.” मी तोंड खिडकीकडे फिरवलं. आकडा खिळ्यात बसेना. दोनदा घसरला, तिसऱ्यांदा माझं बोट चेमटलं. बघितल्याशिवाय तो बसतच नाही. बघावंच लागतं, आणि बघायचं तिथंच, त्या भोकांपाशीच. “बरं, आता बघून जोडा आणि मिटा. डोळे उघडे.” मी मिटली. खट्ट झालं. “आता उडवा.” मी नळ्यांचं तोंड भिंतीकडे करून चाप ओढला. काही झालं नाही. “घोडा,” ते म्हणाले. घोडा अंगठ्यानं मागं ओढावा लागतो. स्प्रिंग जुनी, कडक. माझा अंगठा पांढरा पडला तेव्हा कुठं तो मागं जाऊन अडकला. मग चाप. मग तो घोडा पडल्याचा कोरडा आवाज.

“किती कामं झाली?” उस्तादांनी बोटं मोजली नाहीत, मला मोजायला लावली.

“मिटली. घोडा ओढला. चाप दाबला.”

“आणि नळ्यांचं तोंड कुठं होतं, हे चौथं. यातलं तुम्ही कुठलं केलंत?”

“मी जिन्यावर होते.”

“काडतूस घातलंत?”

“घातलं.”

“मग तेवढं तुमचं. नऊ वर्षांचं पोर हाताला लागेल ते भोकात घालणारच. म्हणून तर जोडणाऱ्यानं बघायचं असतं.” त्यांनी बंदूक उघडली, काडतूस काढून खिशात टाकलं. “उरलेलं ज्याचं त्याला नेऊन द्या. एवढं ओझं घेऊन पहारा होत नाही.”

मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. मला राग आला. इतका की जिना उतरताना मी कठडा घट्ट धरला होता. ऊन होतं, रस्त्यात एक माणूस शिडीवर चढून दुकानाची पाटी रंगवत होता, आणि मी त्याच्याखाली उभी राहून अंगठ्याकडे बघत होते. घोड्याच्या खाचा त्यावर उमटल्या होत्या. नऊ वर्षांच्या अंगठ्याला हे झेपलंच नसतं, असं मला कुणाला तरी थांबवून सांगावंसं वाटत होतं, त्या रंगाऱ्यालासुद्धा. बाबा डबा उघडा टाकून गेले. दादानं जोडली, बघितली, मिटली, ओढला, दाबला. मी एक वस्तू एका भोकात घातली. तिघांच्या अंगावर वाटून घालायचा तो जाड कोट सगळ्यात लहान अंगावर चढवला, आणि मी वाढत गेले तसा तोही माझ्याबरोबर वाढला, कुठं उसवला नाही. घरी आले तर आईची खुर्ची खिडकीपाशी होती. तिच्यापुढून जाताना मी अजूनही वळसा घालते. त्या संध्याकाळी मी सरळ चालत गेले, जिथं तिचा पाय असायचा तिथून. दोनदा गेले. मग खुर्ची उचलून भिंतीला लावली.

परीक्षेत मी बारा जणांत दुसरी आले. कंपनीच्या फॉर्मवर जवळच्या नातेवाइकाची सही लागत होती, ही बाई जबाबदार आहे, हिच्या हाती शस्त्र द्यायला हरकत नाही, अशी. आज मी त्या बँकेच्या दारात उभी असते, बंदूक माझ्याजवळ असते आणि फॉर्मवर वहिनींची सही आहे. दादाची नाही. ती का नाही, तेच सांगते.

रविवारी दुपारी गेले. दादा बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालत होता. निवृत्तीला वर्ष उरलं होतं, आतापासूनच कुंड्यांचा अभ्यास चालला होता. वहिनी आणि भाची आतल्या खोलीत कपाट आवरत होत्या. हँगरचे आवाज येत होते. मी कागद त्याच्यापुढं ठेवला. त्यानं वाचला आणि चष्मा काढला.

“तू वेडी आहेस का? बंदूक? आणि तू?”

“पास झालेय मी.”

“पास कसली होतेस! कुणी काही म्हणायच्या आधी आपण आपलं ओळखावं माणसानं. आईचा पाय विसरलीस का?”

“आईचा पाय मी धुतलाय, दादा. रोज. तू तर फक्त आठवण करून देत आलास.”

त्यानं झारी परत उचलली. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, “हे बघ, माझं मन होत नाही सही करायला. उद्या काही झालं तर?”

“झालं तर बंदूक जोडणाऱ्याला विचारतील. तुला विचारू? त्या दिवशी जोडलीस तेव्हा काडतूस दिसलं नाही तुला?”

“कसं दिसेल? आत होतं ना ते.”

“आत नसतं. बूड बाहेर असतं. पितळेचं, एवढं.” मी अंगठा आणि बोट जुळवून त्याच्या डोळ्यांपुढं धरलं. “न बघता जोडताच येत नाही. मी करून पाहिलं. आणि मिटल्यावर घोडा ओढावा लागतो. आपोआप नाही उडत ती, दादा. आपोआप काहीही होत नाही तिच्यात.”

“हळू बोल. आत दोघी आहेत.”

“घोडा कोणी ओढला?”

झारीतून पाणी त्याच्या पायावर गळत होतं आणि त्याचं लक्ष नव्हतं. किती म्हातारा दिसत होता तो. माझ्या मनात एकदा आलं, जाऊ दे. हे ‘जाऊ दे’ माझ्यात इतकं मुरलेलं होतं की ते माझ्याच आवाजात बोलायचं. मी त्याला बोलू दिलं नाही. मी उभीच राहिले.

“मला वाटलं, रिकामं आहे,” दादा म्हणाला. “तुझ्या त्या खेळण्यातलं. दिसलं होतं मला. वाटलं, तूच अडकवून ठेवलंयस रिकामं. गंमत करत होतो मी. आईला म्हटलं, हात वर! तिनं केले. हातात पातेलं होतं, ते तसंच घेऊन तिनं हात वर केले. हसत होती ती.”

“म्हणजे आईनं बघितलं होतं.”

“आईनंच ठरवलं सगळं. दवाखान्यात. माझी सरकारी नोकरीत निवड झाली होती, पोलीस चौकशीचा कागद यायचा होता. मला जवळ बोलावून म्हणाली, तू काही बोलू नकोस. पोरीचं काय, लहान आहे, विसरून जाईल.”

विसरून जाईल. मी बाल्कनीचा कठडा धरला. खाली कुणीतरी गाडी धूत होतं, फडका पिळल्याचा आवाज वर येत होता. मला आई दिसली, खुर्चीतली नाही, दारातली, पातेल्यासकट हात वर करून हसणारी, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असलेली एक बाई. ती मला एकदम परकी वाटली आणि एकदम कळलीही. तिनं दोन मुलांतलं एक वाचवायला घेतलं, आणि मग दुसरं रोज तिच्या पायाला तेल लावत होतं तेव्हा ती हसून बोलत राहिली. काय बोलणार होती? मी तिला माफ केलं असं मी म्हणणार नाही. केलेलं नाही. तिच्या पायाचं मला वाईट वाटतं, अजूनही वाटतं. त्यापलीकडचं तिचं तिच्यापाशी.

दादानं डोळे पुसले आणि हात पुढं केला. “आण तो कागद. सही करतो. आणि हा विषय इथंच मिटव.”

मी कागद उचलला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला. “तुझी सही नको मला.”

“मग काय हवंय तुला? आई गेली, बाबा गेले. आता हे उकरून तुला काय मिळणार आहे?”

“काय मिळतं ते मी बघेन,” मी म्हणाले, आणि आत तोंड करून हाक मारली. “वहिनी, जरा बाहेर या. तिलाही आणा.”

“अगं, थांब. असं एकदम नको. मी सांगेन कधीतरी, सवडीनं.”

“आज रविवार आहे. सवडच आहे.”

हँगरचे आवाज थांबले. वहिनी आल्या, चष्मा डोक्यावर चढवलेला, हातात कुणाचा तरी जुना स्वेटर. मागून भाची आली. ती आता सव्वीस वर्षांची आहे, माझ्याहून उंच. मला बघून तिचा चेहरा खुलला. “काय आत्या, मिळाली का बंदूक? बाबा, लपा आता!” मग तिनं दादाचे ओले पाय पाहिले, त्याचा चेहरा पाहिला आणि ती माझ्याकडे वळली. “काय झालं?”

“तुझ्या बाबांना काहीतरी सांगायचंय,” मी म्हणाले.

दादानं झारी खाली ठेवली. सदऱ्याला हात पुसले, पुन्हा पुसले. मला वाटतं, तो खरंच सांगणार होता. पण जीभ सवयीनं जायची त्याच वाटेनं गेली. तो म्हणाला, “ते असं आहे, तुझी आत्या लहान होती तेव्हा तिनं...”

“आत्या नाही,” मी म्हणाले. “‘मी’पासून सुरू कर.”

वहिनींनी चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर ओढला. भाची बाल्कनीतल्या आरामखुर्चीच्या हातावर टेकली. दादानं बाल्कनीच्या दाराकडे पाहिलं. आत जायला तेवढी एकच वाट होती आणि त्या दोघी बाहेर आल्यावर मी तिच्यात येऊन उभी होते, दोन्ही पाय रोवून. उस्तादांनी शिकवल्यासारखी नव्हे, माझी मीच.

“मी,” दादा म्हणाला आणि थांबला. वाक्य पुरं होईपर्यंत मी दारातून हलले नाही.